पाचवीची परीक्षा आणि दुसरीचे वाचन

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याच्या निर्णयाविषयी आपल्या वृत्तपत्रात गेले काही आठवडे जी वाचकपत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी लक्षपूर्वक वाचत आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, नापास होण्याची भीतीच उरली नसल्यामुळे मुलांची एक पिढी वाया गेली आणि सरकारने उशिरा का होईना, शहाणपणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, दहा-अकरा वर्षांच्या मुलावर नापासाचा शिक्का मारणे क्रूरपणाचे असून त्यामुळे गरिबांची मुले शाळेबाहेर फेकली जातील. ठाण्यातील एका अनुदानित मराठी शाळेत मी ३१ वर्षे मराठी शिकवले आणि त्यातील बराच काळ मी पहिल्या बाजूची होते, हे आधीच सांगून टाकते. निवृत्तीनंतर ऐरोलीत राहायला आले आणि आमच्या वसाहतीतील दोघींबरोबर एका समाजमंदिरात रोज संध्याकाळी आजूबाजूच्या वस्त्यांतील मुलांना घेऊन बसू लागले, तेव्हापासून माझे मत बदलले. पण ते दुसऱ्या बाजूलाही जाऊन मिळाले नाही. ज्या मुलावरून हा वाद चालला आहे, त्याला नेमके काय येत नाही, याची चौकशी दोन्ही बाजूंनी केलेली नाही, असे मला वाटते. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम वस्तुस्थिती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. लोकांनी त्याला ‘ढकलपास’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. वास्तविक त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले होते. म्हणजे वर्षअखेरीच्या एका परीक्षेवर विसंबून न राहता वर्षभर मुलाकडे पाहायचे, ते कोठे अडते ते हेरायचे आणि अडचण तिथल्या तिथे दूर करायची. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ही पद्धत आणली आणि मागे पडलेल्या मुलाला शिक्षकांनी अधिक पूरक मार्गदर्शन करावे, असेही त्यात लिहिले. थोडक्यात, मुलाला नापास करू नका आणि त्याला शिकवल्याशिवाय सोडू नका, अशा दोन गोष्टी एकत्र सांगितलेल्या होत्या. पहिली पाळायला काहीच लागत नव्हते, त्यामुळे ती आपण तंतोतंत पाळली. दुसरीला माणसे लागत होती, वेळ लागत होता. ती कागदावर राहिली.

ती कागदावर कशी राहिली, हे मी आत बसून पाहिले आहे. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची, आठ साधने ठरलेली होती आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या. कल्पना उत्तम होती. पण पन्नासच्या वर पट असलेल्या वर्गात प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची नोंद खरोखर निरीक्षण करून लिहायची, तर शिकवायचे केव्हा, हा प्रश्न कोणी सोडवून दिला नाही. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. ‘परिच्छेद समजपूर्वक वाचतो’, ‘वाचनात गती आहे’, ‘अधिक सरावाची आवश्यकता’ अशी वाक्ये त्यांत विषयवार छापलेली असत आणि परीक्षा संपल्यावर शिक्षकखोलीत बसून आम्ही ती निळ्या शाईने उतरवून काढत असू. मीही काढली आहेत. ज्या मुलाच्या नावापुढे मी ‘परिच्छेद समजपूर्वक वाचतो’ असे लिहिले, त्याला मी वर्षभरात एकदाही एकट्याला वाचायला उभे केले नव्हते, असे अनेकदा घडले असणार.

पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून वापरली. या दुरुस्तीतही एक चांगले वाक्य आहे. जो मुलगा वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणार नाही, त्याला जादा अध्यापन द्यायचे आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत त्याची पुनर्परीक्षा घ्यायची. तीतही तो उत्तीर्ण झाला नाही, तरच त्याला त्याच वर्गात ठेवायचे. आता आपल्याकडचे वेळापत्रक पाहा. निकाल लागतो एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी. त्यानंतर शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. पाठीमागे पडलेली मुले ज्या घरांतून येतात, ती घरे मे महिन्यात गावी जातात. कोणी जालन्याला, कोणी विजापूरला, कोणी जौनपूरला. मग कायद्यातले ते जादा अध्यापन नेमके कोण, कोणाला आणि केव्हा देतो? मुलगा गावाहून परततो आणि तीच परीक्षा पुन्हा देतो. या दोन महिन्यांत त्याने नवे काय शिकावे, अशी आपली अपेक्षा आहे?

याच्या जोडीला कोरोनाकाळाचा हिशेब कोणीच मांडलेला दिसला नाही. जून २०२० मध्ये ज्या मुलांची नावे पहिलीच्या पटावर चढली, त्यांनी शाळेची इमारत पाहिली ती जवळजवळ दोन वर्षांनी. शहरांतल्या प्राथमिक शाळा डिसेंबर २०२१ मध्ये उघडल्या आणि जानेवारीत पुन्हा काही काळ बंद झाल्या. पहिली आणि दुसरी ही अक्षरओळखीची दोन वर्षे ज्यांची भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेली, आणि ज्यांच्या घरात तो एकच असून सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई त्यांची तेवढीही गेली नाहीत, ती मुले २०२४-२५ मध्ये पाचवीत पोहोचली. आदल्या वर्षी पाचवीत गेलेल्यांची दुसरी आणि तिसरी अशीच हरवली होती. म्हणजे ज्यांना शाळेने सर्वांत कमी शिकवले, नेमक्या त्यांच्यापासून आपण परीक्षेचा कडकपणा सुरू केला. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण परीक्षेच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे वर्षांचे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

त्याच जूनमध्ये पहिलीत नाव घातलेला एक मुलगा सहावीत असताना आमच्याकडे येऊ लागला. दिघा परिसरातील वस्तीत राहणारा. वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते बिगारी काम करतात. पहिल्या दिवशी तो आपल्या वह्या घेऊन आला आणि त्या पाहून मी थक्क झाले. टपोरे अक्षर, सरळ ओळी, नीट सोडलेला समास, प्रश्न काळ्या शाईने आणि उत्तरे निळ्या शाईने, प्रत्येक पानावर सही आणि काही पानांवर ‘छान’ असा शेरा. मी त्याला त्याच्याच वहीतले एक उत्तर वाचून दाखवायला सांगितले. त्याने वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. लाजतो आहे असे वाटून मी आग्रह केला, तेव्हा तो म्हणाला, “बाई, हे मी फळ्यावरून काढलंय.” ‘लिहिलंय’ असे तो म्हणाला नाही. चित्र काढावे तसे त्याने ते काढले होते आणि शाळा भरू लागल्यापासून तो हेच करत आला होता.

हा मुलगा पाचवीची परीक्षा उत्तीर्ण झालेला होता, हे मुद्दाम नोंदवते. ती कशी दिली, असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, जोड्या लावल्या, रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या आणि मोठ्या प्रश्नांच्या उत्तराच्या जागी तोच प्रश्न पुन्हा काढून ठेवला. उभ्या मांडणीच्या बेरजा-वजाबाक्या त्याला झरझर येतात, शाब्दिक उदाहरणे तो सोडून देतो. ३५ टक्क्यांची वेस एवढ्यावर ओलांडता येते. तेव्हा परीक्षा आणली की न शिकलेले मूल सापडेल, या गृहीतकालाच माझी हरकत आहे. एखादे मूल तीत सापडते, एखादे निसटते. आणि जे सापडते, ते पुन्हा पाचवीच्याच वर्गात, पाचवीच्याच पुस्तकासमोर, त्याच फळ्याकडे तोंड करून बसते. त्याचे अडले आहे दुसरीत. पाचवीच्या वर्गात दुसरीचे वाचन शिकवायला कोणाच्याही वेळापत्रकात तासिका नाही, आणि तो नापास झाल्याने ती निर्माण होत नाही.

त्याला वाचायला कसे शिकवले, हे थोडे सविस्तर लिहिते, कारण या विषयावरच्या चर्चेत सगळे काही असते, फक्त प्रत्यक्ष शिकवणे नसते. मोठ्या मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक द्यायचे नाही, हे मला चुका करून कळले. शेजारी धाकटी बहीण बसलेली असताना ‘कमळ’, ‘मगर’ असे वाचावे लागले, की अकरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून आम्ही बसच्या पाट्या घेतल्या. त्याला त्या ओळखता येत होत्या, पण वाचता येत नव्हत्या. आकडा आणि रंग पाहून तो बस पकडत असे. ‘दिघा’मध्ये पहिली वेलांटी भेटली. ‘घणसोली’ त्याने ‘धणसोली’ असे वाचले आणि स्वतःच हसला, कारण घणसोली त्याला चांगली ठाऊक होती. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांचा घोळ त्या आठवड्यात बराचसा सुटला. ‘तुर्भे’ या दोन अक्षरी नावात उकार, रफार आणि मात्रा एकदम समोर आले; त्यावर आम्ही दोन दिवस घालवले. ‘मुंब्रा’मध्ये अनुस्वार आणि अक्षराच्या पोटातला तिरपा र. ‘ऐरोली’मधला पहिला ऐ हा स्वर त्याने कधी सुटा पाहिलाच नव्हता. बसच्या पाट्यांवरून दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्रातल्या क्रिकेटच्या बातम्यांचे मथळे, मग चार-पाच ओळींच्या गोष्टी. रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार महिने. नंतर तो आपल्या पाठ्यपुस्तकातला परिच्छेद अडखळत का होईना, वाचू लागला आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगू लागला.

सगळे मिळून साठ-पासष्ट तास झाले. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. कोरोनाची दोन वर्षे सोडून दिली, तरी पाचवी संपेपर्यंत या मुलाच्या वाट्याला कागदोपत्री २४०० तास आले होते. त्यांतले पासष्ट तास त्याच्या एकट्याच्या अडचणीवर खर्च झाले असते, तर त्याच्या वहीत चित्रांऐवजी अक्षरे असती.

ते का झाले नाहीत, याचे उत्तर ‘शिक्षक कामचुकार आहेत’ असे देणे सोपे आहे आणि नववीच्या वर्गावर असताना मी प्राथमिकच्या शिक्षकांविषयी शिक्षकखोलीत तेच बोलत असे. आज तसे बोलणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाला दोन मिनिटे मोठ्याने वाचायला लावायचे म्हटले, तर ऐंशी मिनिटे लागतात. तासिका असते ३५ मिनिटांची. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्यात आहे, पण ते बऱ्याच ठिकाणी शाळेच्या एकूण पटावर बसवले जाते आणि प्रत्यक्ष वर्ग कितीचा भरतो ते वेगळेच असते. त्यात एक शिक्षक रजेवर गेला, की दोन वर्ग एकत्र. कायद्याचे सत्ताविसावे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज दुसरी अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे सांगते. तरी पोषण आहाराची रोजची नोंद, ‘यू-डायस’ या शासकीय शाळा-नोंदणीची माहिती, मुलांच्या आधार क्रमांकांची पडताळणी, प्रत्येक मुलाचा ‘अपार’ ओळख क्रमांक, आणि दर आठवड्याला सायंकाळपर्यंत हवी असलेली कोणती तरी तातडीची माहिती ही कामे अशैक्षणिक समजली जात नाहीत, कारण ती शाळेचीच आहेत. आधार जुळले नाही तर मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, धरले जात नाही आणि शिक्षकाचे पद जाते, ही भीती असल्यावर मुख्याध्यापक मुलाच्या वाचनाकडे आधी पाहतील की त्याच्या आधारकडे? मतदार याद्यांचे काम निघाले, की कलमातच सवलत असल्याने तोंड उघडायची सोय नाही.

शिवाय ठाणे आणि नवी मुंबई या शहरांची म्हणून एक अडचण आहे. येथील पालिका शाळेच्या मराठी माध्यमाच्या एका वर्गात घरी गोरमाटी, अहिराणी, वडारी, भोजपुरी आणि आगरी बोलणारी मुले एका बाकावर बसलेली असतात. काम संपले की कुटुंब हलते. ऑगस्टमध्ये कळव्यात असलेले मूल डिसेंबरमध्ये तुर्भ्याला असते, आणि दाखला मागून येतो किंवा येतच नाही. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला वयानुरूप प्रवेशाच्या तरतुदीने थेट पाचवीत बसवता येते. कायद्याच्या चौथ्या कलमात ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे, कारण दहा वर्षांची मुलगी पहिलीत बसणार नाही. पण त्याच कलमात तिला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही दिलेला आहे. तो हक्क देण्याआधीच तिला वार्षिक परीक्षेला बसवायचे आणि एप्रिलमध्ये नापास म्हणायचे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

परीक्षेच्या बाजूने लिहिणाऱ्या एका वाचकाने आपल्या वडिलांच्या काळातील ‘व्हर्नाक्युलर फायनल’ या सातवीच्या जुन्या परीक्षेची आठवण काढली आहे. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला माणूस तलाठी होई, शिक्षक होई, अर्ज-विनंत्या लिहून देई, हे खरे आहे. माझे आजोबा तसेच होते. परंतु त्यांच्याबरोबर पहिलीत बसलेल्यांपैकी सातवीपर्यंत किती टिकले, हे घराघरांत सांगितले जात नाही, कारण जे गळाले त्यांची नातवंडे वर्तमानपत्राला पत्रे लिहीत नाहीत. मी स्वतः चौथीत असताना आमच्या वर्गातल्या दोन मुली नापास झाल्या. पुढच्या वर्षी त्या खालच्या वर्गात दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या नाहीत, आणि त्यांचे काय झाले हे मी तेव्हा कोणाला विचारलेही नाही.

मात्र विरोधकांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. परीक्षा गेल्यावर सातवी-आठवीच्या वर्गांत एक सैलपणा आला, हे मी पाहिले आहे. पालकसभेला बोलावले तर “पास तर होणारच आहे ना?” असे पालक विचारत आणि जानेवारीनंतर हजेरी रोडावत असे. भीतीने शिकणे वाईट खरे, पण आपण शिकलो की नाही याची कोणालाच फिकीर नाही, हा संदेश मुलाला मिळणे हेही वाईटच. आणि त्या मुलाला आठवीपर्यंत हसत पुढे पाठवणारी शाळा नववीत त्याच्याशी कशी वागते? दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा आणि तो फलक प्रवेशद्वारावर झळकावा, यासाठी नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून १७ क्रमांकाचा अर्ज भरून दहावीला बाहेरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, बसण्याचा सल्ला दिला जातो, हे शिक्षणक्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहे. तसा सल्ला देणाऱ्या बैठकांना मी बसले आहे. त्यातल्या एका मुलाच्या आईने मला विचारले होते, “बाई, आठ वर्षं सगळं चांगलं होतं, मग आत्ताच काय झालं?” तिच्या हातात आमच्याच सह्यांची आठ प्रगतिपुस्तके होती. मी तिला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही.

शाळेवरचे आपले वाद मोठ्या आवाजात होतात, पण ते मुलाच्या बाकापर्यंत पोहोचत नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर विनोदांचा पाऊस पडला. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात. ‘त्र्याण्णव’ हा शब्द लिहून दाखवा, असे मी आमच्या वसाहतीतल्या तीन पदवीधरांना सांगितले, तर तिघांनी तीन प्रकारे लिहिला, असो. २०२५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत पहिलीपासून तिसरी भाषा कोणती, यावर राज्य ढवळून निघाले. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय अखेर २९ जूनला मागे घेतले गेले, ते योग्यच झाले. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार नको, या मताची मीही आहे. पण त्या अडीच महिन्यांत पहिली भाषा मुलाला वाचता येते का, हा प्रश्न किती जणांनी विचारला? पाठ्यपुस्तकात वह्यांची कोरी पाने घालण्याचा प्रयोग आला आणि गेला, सर्वांना एकच गणवेश देण्याची योजना आली आणि बदलली. प्रत्येक वेळी शाळांनी परिपत्रके वाचण्यात आणि माहिती कळवण्यात आठवडे घालवले.

उपाय अज्ञात असता तर गोष्ट वेगळी होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत बालसखी हा कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वर्गातून बाहेर घेऊन वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास पायाभूत वाचन आणि गणित शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली आणि सर्वांत कच्च्या मुलांना सर्वांत अधिक फायदा झाल्याचे दाखवले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला, हेही त्यांनी लपवले नाही. म्हणजे उपाय साधा आहे, पण एकदा करून सोडून देण्याचा नाही. या अर्थशास्त्रज्ञांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा आपण पेढे वाटले. खाडीपलीकडच्या मुंबईत जे करून पाहिले गेले, ते ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या शाळांच्या वेळापत्रकात मात्र कायमचे आले नाही.

आणखी मागे जायचे, तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. बोर्डी आणि ते केंद्र पुढे जेथे गेले ते कोसबाड आज पालघर जिल्ह्यात असली, तरी २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातलीच गावे होती. मुले अंगणात असतात म्हणून अंगणवाडी, गुरे चारायला जातात म्हणून कुरणशाळा, असे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी मूल जेथे असेल तेथे शाळा नेली. माझे मागणे त्याहून फार लहान आहे. मूल बाकावर येऊन बसलेलेच आहे. शाळेने त्याला जेवढे येते तेथपर्यंत खाली उतरावे, एवढेच.

शहरांबाबत आणखी एक उणीव आहे. ग्रामीण भागातील मुलांचे वाचन २००५ पासून ‘असर’ या घरोघरच्या पाहणीच्या अहवालामुळे निदान चर्चेत येते. पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुले दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत, ही गोष्ट सर्वांना कळली ती त्यामुळेच. पण ‘असर’ मुळात ग्रामीण भागापुरते आहे. उंच इमारतींच्या सावलीत राहणाऱ्या आमच्या वस्त्यांतल्या मुलांची अशी घरोघर जाऊन मोजणी होत नाही, आणि शहर म्हणजे शिकलेले, असा समज आपण करून घेतला आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साध्य झाल्याचे आकडे उद्या आले, तर ज्या पद्धतीने मी वर्णनात्मक नोंदी लिहिल्या, त्याच पद्धतीने ते आलेले नाहीत ना, हे तपासायची सोय असली पाहिजे.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांना आणि अनुदानित संस्थांच्या चालकांना विनंती आहे की, तिसरी ते सहावीच्या वेळापत्रकात रोजचा एक तास वाचनासाठी राखून ठेवावा आणि त्या तासाला मुलांचे वर्ग मोडून, ज्याला जेवढे वाचता येते त्याप्रमाणे गट करावेत. सहावीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी एका गटात बसले, तरी त्यात कमीपणा वाटणार नाही असे वाचायचे साहित्य द्यावे. दुसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला परक्या शिक्षकाने, एकेकट्याने, न पाहिलेला चार ओळींचा उतारा वाचायला लावावा आणि किती मुले अडली एवढा एकच आकडा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सांगावा. या समितीत कायद्यानेच तीन-चतुर्थांश पालक असतात. हा आकडा संकेतस्थळावर टाकून शाळांची क्रमवारी लावू नये. तसे केले की दुसऱ्या वर्षी सगळ्याच शाळा शंभर टक्के होतील. एप्रिलमध्ये जी मुले मागे राहतील, त्यांच्यासाठी कायद्याने सांगितलेले जादा अध्यापन मे महिन्यातच व्हायचे असेल, तर त्यासाठी डी. एल. एड. हा शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम शिकणारे विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक यांना मानधन द्यावे, आणि जी मुले गावी जातात त्यांची पुनर्परीक्षा जूनमध्ये न घेता त्यांना आधी तीन महिने शिकवावे. दोन महिन्यांची मर्यादा त्याआड येत असेल, तर शासनाने ती बदलण्याचा विचार करावा.

खासगी इंग्रजी शाळांतल्या मुलांबद्दल मी लिहिले नाही, ते ती सुखात आहेत म्हणून नव्हे. आमच्याकडे अशीही मुले येतात, जी इंग्रजी परिच्छेद घडाघडा वाचतात आणि त्यातल्या एका वाक्याचाही अर्थ सांगू शकत नाहीत. त्यांच्या फी भरणाऱ्या आई-बापांना हे सांगणे फारच अवघड जाते. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आम्ही तिघींनी आमच्या परिसरातील एका शाळेत रोज शेवटच्या तासिकेला येऊन विनामूल्य वाचन घेण्याची तयारी लेखी कळवली होती. मुख्याध्यापकांनी आनंदाने शिफारस केली आणि परवानगीसाठी अर्ज पुढे पाठवला. त्यावर आमची ओळखपत्रे, शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या प्रती आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागवण्यात आला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तो हवाच, आणि आम्ही तो दिलाही. त्याला आता सात महिने झाले. मध्यंतरी शाळेचे वर्ष बदलले, तेव्हा नव्या वर्षासाठी नवा अर्ज करावा, असे तोंडी सांगण्यात आले आणि तोही आम्ही केला आहे. तोपर्यंत आमचा वर्ग समाजमंदिरात संध्याकाळी साडेपाच ते सात भरतो. लग्नसराईत आणि गणपतीत सभागृह मिळत नाही. त्या दिवसांत आम्ही मुलांना घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर बसतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ऐरोली, नवी मुंबई